रूम नंबर तीन

“मॅडम, सगळे म्हणतात सोडून दे. माझ्याच्यान होत नाही. मी एवढी वाईट आहे काय?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. या वेळी विचारणाऱ्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, राहायला कुडाळला. माहेर मालवण तालुक्यात, तारकर्लीच्या बाजूला. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.)

वडील गेल्यावर धाकट्या भावासाठी त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी केली, आपल्याकडे करतातच. आणि हा भाऊ तर त्यांनी कडेवर वाढवलेला. फक्त एक बोलणं झालं होतं, तेही तोंडी: माजघरालगतची आईची खोली ताईची. कधीही ये, कधीही राहा.

चार वर्षांनी चतुर्थीला गेल्या तर खोलीच्या दाराला पितळी पट्टी. ‘रूम नं. ३’. आत एसी, भिंतीवर शिंपल्यांची फ्रेम आणि पुण्याचं एक कुटुंब. आईचा शिसवी पलंग विकला होता. भाऊ म्हणाला, “ताई, सीझन आहे गो. ओटीवर गादी घालतो तुला.”

“माका जमीन नको होती ओ,” एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढे माझी चूक झाली. दुसऱ्याच भेटीत मी त्यांना भावाला पत्र लिहायला सांगितलं. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं. घाई झाली. महिनाभर त्या फिरकल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “समजा, उद्या सकाळी उठलात आणि राग गेलेला असला, तर काय बिघडेल?”

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, “मग तसं काही झालंच नव्हतं असं होईल. कागदावर नाही, भावाच्या लक्षात नाही. माझ्या मनातनं पण गेलं, तर उरलं कुठे?”

माफ करणं जड का जातं, याचं इतकं नेमकं उत्तर मी क्वचितच ऐकलंय. काकूंचा राग हीच भावाने दिलेल्या त्या शब्दाची एकमेव नोंद होती. नातेवाईक ‘कायद्याने सगळं बरोबर आहे’ म्हणत. तेही खरंच, म्हणून तर दुखणं आणखी एकटं पडलेलं. भावाच्या लेखी विषय केव्हाच मिटला होता. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली लोकांकडून दोन्ही बाजूंच्या हकिकती लिहून घेतल्या, त्यात हेच दिसलं: दुखावणाऱ्याच्या गोष्टीत प्रसंग संपलेला असतो, दुखावलेल्याच्या गोष्टीत तो चालूच असतो. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे सहसा पहिली बाजूच म्हणते, असं माझं मत. मध्ये पडणारे मामा-काकाही नकळत तिलाच जाऊन मिळतात.

क्षमेवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट माफ करणं आणि समेट करणं या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी भुवया उंचावल्या. “म्हणजे मी त्याच्याकडे राहायला जायलाच हवं असं नाही?” नाही. आणि चूक चूक नव्हती असंही म्हणायला नको. त्यांचे खांदे खाली आले, मला समोर दिसलं.

मग आम्ही ती नोंदच केली. खोलीत काय काय होतं ते त्यांनी लिहून काढलं: कोनाडा, आमसुलांची बरणी, पलंगाच्या पायाला त्यांनीच लहानपणी खिळ्याने कोरलेलं नाव. तीन भेटी त्यातच गेल्या. पत्राचं मी परत काढलं नाही.

यंदा चतुर्थीला त्या गेल्या. माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट, बांधताना भाऊ स्टुलावर उभा होता, त्या खालून कवंडळाची फळं देत होत्या. देता देता म्हणाल्या, “सही मी केली हां बाळ्या. पण खोली सोडूक नाय.” तो काही बोलला नाही. सुतळीची गाठ तेवढी दोनदा सुटली त्याच्या हातून.

“मग?” मी विचारलं.

“मग आरती, जेवण. वालीची भाजी भावजयीने चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. राग आहे अजून, पण रात्री दोनला उठून बसत नाही आता.” पिशवीतून त्यांनी माझ्यासाठी आणलेले मोदक काढले. “राहिले मात्र नाही. संध्याकाळच्या एसटीने परत आले. ओटीवर झोपण्याइतकं मन अजून झालेलं नाही.”