‘लिहून घेणार’ची कोरी ओळ

प्रश्न : मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश असून लातूर येथे राहते. पती हयात नाहीत, अपत्य नाही. ज्या विधी महाविद्यालयात शिकले, त्याच्या संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी माझा स्वकष्टार्जित प्लॉट आणि शिष्यवृत्तीसाठी १० लाख रुपये द्यायचे आहेत. सात महिन्यांपूर्वी बक्षीसपत्र लिहून नोटरी केले आणि ताबा दिला. संस्थेने तेथे फलकही लावला. संस्थेचा ठराव व्हायचा असल्याने नोंदणी राहिली. ताबा दिला म्हणजे झाले, असे सचिव म्हणतात. आता पतीचा पुतण्या हरकत घेतो आहे. दान पूर्ण झाले आहे का?

उत्तर : महोदया, झालेले नाही. मराठवाड्यातून येणाऱ्या अशा पत्रांत बहुधा आजोबांनी शब्दावर शाळेला दिलेली जागा असते आणि आता फाटकाला कुलूप घालणारा नातू असतो. त्या आजोबांना कायदा ठाऊक नव्हता, असे म्हणता येते. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे दस्त नोंदणीअभावी बाजूला ठेवले, त्यांच्याच कपाटात असा दस्त सात महिने पडून राहावा, याला काय म्हणावे? स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्तानेच होते, असे सांगणारे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १२३ मी आपल्याला वाचून दाखवणार नाही. ताब्याने पूर्ण होणारा तोंडी हिबा (दान) सचिवांच्या कानावर आला असावा. तो मुस्लिम कायद्यातील मार्ग आहे, आपल्याला उपयोगाचा नाही.

आपण पाठवलेल्या छायाप्रतीचे शेवटचे पान पुन्हा पाहावे. ‘लिहून देणार’ याखाली आपली सही आहे, दोन्ही साक्षीदारांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. ‘लिहून घेणार’ यापुढची टिंबांची ओळ कोरी आहे. सगळे प्रकरण त्या ओळीत अडकले आहे, कारण दात्याच्या हयातीत आणि दाता देण्यास समर्थ असतानाच दान स्वीकारले गेले पाहिजे, असे त्याच अधिनियमाचे कलम १२२ सांगते. फलक लावणे म्हणजेच स्वीकार, असा युक्तिवाद होऊ शकेल. पण फलक लावणारे संस्थेचे अधिकृत विश्वस्त होते का, हा प्रश्न लगेच उभा राहील. संस्थेच्या जोडपत्रात ‘फेरफार अर्ज प्रलंबित’ असे तीन शब्द आहेत. म्हणजे विश्वस्तांतील बदलाची नोंद अजून मंजूर झालेली नाही; बहुधा संस्थेत दोन गट आहेत आणि विश्वस्त कोण, हे धर्मादाय कार्यालयात ठरायचे आहे. असे अर्ज वर्षानुवर्षे तारखांवर चालतात, हे आपण जाणता; त्या निकालाची वाट पाहत बसण्याइतका वेळ या दानाला नाही.

जुना दस्त सोडून द्यावा. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार तो निष्पादनापासून, म्हणजे सही झाल्यापासून, चार महिन्यांत सादर व्हायला हवा होता. पुढील चार महिन्यांत दंड भरून विलंब माफ होतो खरा, परंतु त्यासाठी निकडीची गरज किंवा अटळ अपघात दाखवावा लागतो, आणि ठरावाची प्रतीक्षा त्यात बसेल असे मला वाटत नाही. नवे बक्षीसपत्र करावे. त्याआधी संस्थेच्या परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढावी आणि आज ज्यांची नावे तेथे आहेत त्यांचा ठराव व त्यांच्याच सह्या घ्याव्यात, मग दुसरा गट काहीही म्हणो. प्रकृतीमुळे जाता येत नसेल, तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची सोय कलम ३१ मध्ये आहे.

पुतण्याला आज कोणताही हक्क नाही. मात्र नोंदणीपूर्वी आपले काही बरेवाईट झाले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार हा प्लॉट पतीच्या वारसांकडे जाईल. हरकतीमागे हाच हिशेब असावा. म्हणून नोंदणी होईपर्यंतची सोय म्हणून एक साधे मृत्युपत्र याच आठवड्यात करावे. त्याला नोंदणी सक्तीची नाही.

‘फक्त वसतिगृहासाठी’ एवढे लिहून भागणार नाही. ठरावीक वर्षांत बांधकाम झाले नाही तर दान रद्द होईल, अशी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये बसणारी स्पष्ट अट हवी. ‘माझ्या मर्जीनुसार रद्द’ असे मात्र लिहू नये, कारण तेवढ्यानेच दान निरर्थक ठरते. प्लॉटची मूळ जमीन मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम) किंवा अन्य इनामाची, अथवा भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर निर्बंध असलेली) असेल, तर हस्तांतरणापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मुद्दा येऊ शकतो. जुने उतारे पाहिल्याशिवाय त्यावर मी अधिक बोलणार नाही. मुद्रांक शुल्कात सवलत गृहीत धरू नये. आयकरातील वजावट पैशांच्या देणगीला मिळते, जमिनीला नाही, तीही आपल्या करपद्धतीवर अवलंबून आहे. तेवढे सीएला विचारावे.

१० लाखांची रक्कम धनादेशानेच द्यावी आणि ती कायम निधीत जमा करून केवळ व्याजातून शिष्यवृत्ती देण्याचे लेखी घ्यावे. परिशिष्ट एकवरील नावे हाती येईपर्यंत त्या धनादेशावर सही करू नये.