हिवाळाभर बंद असलेला लॉनमोअर उन्हाळ्याआधी कसा तयार करावा?

तुमचा पेट्रोलवरचा मोअर ऑक्टोबरपासून न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये पडून आहे, म्हणजे टाकीत जुनं पेट्रोल असणार. ते आधी काढून टाका. दोरी खेचून खेचून हात भरून येतो तरी इंजिन सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने तसंच राहिलं की कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक भोकात चिकटा धरतो. नवं भरताना १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालंच घ्या, ई१५ (१५ टक्के इथेनॉलवालं) नको.

पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढाच, यात हयगय नको. मोअर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर फिल्टरमध्ये ऑइल शिरतं. पातं काढून त्याला कानशीनं धार लावा आणि तोल बघायला ते मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली झुकेल ती आणखी थोडी घासा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि मग लॉनभर तपकिरी टोकं दिसू लागतात.

ऑइल आणि कागदी एअर फिल्टर बदला, फार वेळ लागत नाही. जुलैच्या उन्हात कापणीची उंची ३ ते साडेतीन इंच ठेवा. तिकडच्या फेस्क्यू, ब्लूग्राससारख्या गवताला ती मानवते.