सगळे फोटो गूगल फोटोजवर आहेत, तेवढा बॅकअप पुरेसा आहे का?

नाही. बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही (म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरूनही). ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. (पोरांच्या हातात फोन असतोच!) शिवाय खातं २ वर्षं वापरलंच नाही, तर गूगल त्यातलं सगळं काढून टाकू शकतं. आईवडिलांच्या जुन्या जीमेलवर फोटो पडून असतील तर आधी ते गूगलच्या 'टेकआउट' (खात्यातला डेटा उतरवून घ्यायची सोय) मधून एकगठ्ठा उतरवून घ्या.

क्लाउड राहू द्या, पण जोडीला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. दोन्हींवर तेच फोटो. एक घरी, दुसरी बहिणीकडे किंवा गावी. दिवाळीला गेलात की नवे फोटो भरलेली डिस्क तिकडे ठेवायची, तिथली घेऊन यायची. चोरी, आग, पुराचं पाणी यांत घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात, म्हणून हा खटाटोप.

पेनड्राइव्हवर भिस्त नको. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) वेगवान खरी, पण वीज न मिळता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो. त्यासाठी साधी हार्ड डिस्कच बरी. कोकणात असाल तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वर्षातून एकदा लावून मधले मधले फोटो उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे फाइल धड आहेच असं नाही. पाचेक वर्षांनी डिस्क बदला.

आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो सहसा आकसलेले असतात. ज्याने काढलेत त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.