वाचकांचे प्रश्न : खातं कॅनडात, पत्ता अमेरिकेचा

प्रश्न : मागच्या वर्षी १५ ऑगस्टला नोकरीसाठी टोरांटोहून सॅन होजेला आलो. अविवाहित आहे. तिकडे आरआरएसपी या निवृत्ती बचत खात्यात ६२,००० आणि टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात २८,००० कॅनेडियन डॉलर आहेत. घर घेताना होम बायर्स प्लॅनखाली आरआरएसपीतून काढलेल्या रकमेपैकी ११,००० परत भरायचे राहिलेत. मित्र म्हणतो, फॉर्म ८८९१ भर की झालं. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : मित्राची माहिती शिळी आहे. ८८९१ हा फॉर्म २०१४ च्या अखेरीस बंद झाला. आरआरएसपीतल्या वाढीवरचा अमेरिकी टॅक्स पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायचा, तर त्याआधी दरवर्षी तो भरावा लागे. आता ही सवलत आपोआप मिळते. मात्र अमेरिकेचे रहिवासी झाल्यापासून दरवर्षी रिटर्न भरलेलं हवं आणि खात्यातली वाढ कधी उत्पन्न म्हणून दाखवलेली नको. टॅक्स पुढे गेला म्हणजे खातं दाखवायचंही टळलं असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच फसतात.

तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० अमेरिकी डॉलरच्या वर गेली, तरी एफबार हा परदेशी खात्यांचा अहवाल भरायचा. तो रिटर्नला जोडत नाहीत, अमेरिकी ट्रेझरीच्या फिनसेन विभागाच्या संकेतस्थळावर वेगळा भरतात. मुदत १५ एप्रिल, चुकली तर अर्ज न करता १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढते. प्रत्येक खात्याचा नंबर, बँकेचा पत्ता आणि वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक लिहायची. ही शिल्लक मे महिन्यातली असली, तरी रूपांतर अमेरिकी ट्रेझरीच्या ३१ डिसेंबरच्या दरानेच करायचं आणि सेंट असतील तर पुढचा पूर्ण डॉलर धरायचा. बँकेच्या ॲपमधला त्या दिवसाचा दर इथे चालत नाही.

रिटर्नसोबत परदेशी मालमत्ता दाखवायचा फॉर्म ८९३८ वेगळा. अमेरिकेत राहणाऱ्या अविवाहिताला मर्यादा वर्षअखेरीस ५०,००० किंवा वर्षात केव्हाही ७५,००० अमेरिकी डॉलर. तुमचे ९०,००० कॅनेडियन डॉलर वर्षअखेरीस तेवढेच असतील, तर पहिली मर्यादा ओलांडतात. दोन्ही फॉर्मांत तीच खाती पुन्हा येतात, पण एक भरला म्हणून दुसरा माफ होत नाही.

खरी डोकेदुखी टीएफएसए. कॅनडात ते करमुक्त असलं तरी दोन देशांच्या करविषयक करारातलं संरक्षण त्याला नाही. त्यातलं व्याज, लाभांश, नफा दरवर्षी अमेरिकेत करपात्र. आत कॅनडातले म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ असतील तर फंडागणिक परदेशी फंडांसाठीच्या फॉर्म ८६२१ ची भानगड येते (आरआरएसपीतल्या फंडांना ती नाही). शिवाय ट्रस्टसाठीचा ३५२० भरायचा की नाही, यावर करतज्ज्ञांतच दोन तट आहेत. आमचं स्पष्ट मत : बंद करा. तुम्ही अनिवासी झालात तरी टीएफएसएतून पैसे काढताना कॅनडा टॅक्स घेत नाही. खरं तर निघण्यापूर्वीच हे उरकायला हवं होतं. आता त्यात एक डॉलरही घालू नका, अनिवासी असताना भरलेल्या रकमेवर कॅनडा दरमहा १ टक्का दंडात्मक कर लावतो.

तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, हेही महागात पडणार आहे. हे राज्य त्या करारातली सवलत मानत नाही. फेडरल रिटर्नवर आरआरएसपीची वाढ शून्य दाखवायची, राज्याच्या रिटर्नवर मात्र दरवर्षी उत्पन्नात धरायची. म्हणून ती वाढ मोजायला १५ ऑगस्टच्या शिल्लकेचं स्टेटमेंट आजच मागवून ठेवा.

होम बायर्स प्लॅनची बाकी देश सोडल्यापासून ६० दिवसांत, किंवा त्या वर्षाचं रिटर्न त्याआधी भरत असाल तर तत्पूर्वी, परत करावी लागते. तुमची मुदत १४ ऑक्टोबरला संपली. आता ते ११,००० कॅनडाच्या शेवटच्या रिटर्नवर ओळ १२९०० मध्ये उत्पन्न म्हणून येतील.

प्रश्न : आम्ही दोघं अमेरिकी नागरिक, कॅनडाचा पीआर (कायम निवासाचा परवाना) मिळालाय. मार्चमध्ये डेट्रॉइटहून विंडसरला कायमचं राहायला जातोय. माझी नोकरी डेट्रॉइटमध्येच राहील. दोघांची ४०१(के) आणि रॉथ आयआरए ही अमेरिकी निवृत्ती खाती आहेत. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, भारतात थोड्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवी आहेत. कॅनडाला काय काय कळवायचं?

उत्तर : पहिलं काम रॉथचं. त्यातली वाढ कॅनडातही करमुक्त राहावी यासाठी एकदाच सीआरए या कॅनडाच्या करखात्याच्या 'कॉम्पिटंट अथॉरिटी' विभागाला सहीचं पत्र पाठवायचं. त्याला छापील फॉर्म नाही. नाव, पत्ता, कॅनडाचा सिन (सामाजिक विमा) नंबर, खातं कुठे आहे व त्याचा नंबर, ते उघडल्याची तारीख, कॅनडाचे रहिवासी झाल्याची तारीख, त्या दिवशीची शिल्लक आणि त्यानंतर काहीही भरलेलं नाही असं निवेदन, एवढं लिहा. खात्यागणिक वेगळं पत्र, पहिल्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीआधी. तिथे गेल्यावर रॉथमध्ये पैसे भरले, किंवा साध्या आयआरएतून रॉथमध्ये वळवले, तर त्या भागाचं संरक्षण जातं. वळवायचे असतील तर फेब्रुवारीतच वळवा.

४०१(के)ला पत्र नको. नोकरी चालू असताना तुम्ही त्यात भरलेली रक्कम सीमेपलीकडे ये-जा करणाऱ्यांच्या आरसी२६८ फॉर्मवरून कॅनडाच्या उत्पन्नातून वजा करता येते. तेवढी आरआरएसपीत भरता येणारी रक्कम मात्र घटते.

परदेशी मालमत्ता कॅनडाला दाखवायच्या टी११३५ फॉर्ममध्ये ४०१(के) आणि आयआरए धरत नाहीत. भाड्याचा फ्लॅट आणि एनआरई ठेवी धरतात. माणशी १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं की भरायचा, तोही खरेदीखर्चावर, बाजारभावावर नव्हे. तुम्हाला मात्र खर्च म्हणजे कॅनडात आल्या दिवशीचा बाजारभाव, म्हणून पुण्यातल्या मूल्यांककाकडून त्या तारखेचा अहवाल घ्या. पुढे फ्लॅट विकताना कॅनडातला नफाही त्याच आकड्यापासून मोजतात. पहिल्या वर्षी टी११३५ माफ. नंतर उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर, कमाल २,५०० दंड. एनआरई व्याज भारतात करमुक्त, कॅनडात आणि अमेरिकेत करपात्र. आणि हो, नागरिकत्व आहे तोवर अमेरिकेचं रिटर्न सुटत नाही. विंडसरचं नवं बँकखातंही एफबारमध्ये जाईल.

प्रश्न : कॅनडात ९ आणि अमेरिकेत ८ वर्षं काम करून निवृत्त होतोय, अमेरिकेतच राहणार. दोन्हीकडच्या सरकारी पेन्शनची वर्षं अर्धवटच. काही मिळेल का?

उत्तर : मिळेल. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनला ४० क्रेडिट (वर्षाला चार) लागतात, तुमची ३२ भरतात. दोन देशांच्या १९८४ च्या पेन्शन करारामुळे उरलेली कॅनडातल्या वर्षांनी पुरी होतात (अमेरिकेतली किमान ६ क्रेडिट हवीत), पण रक्कम ८ वर्षांच्या हिशोबाने येते. सीपीपी या कॅनडातल्या कमाईवरच्या पेन्शनला किमान वर्षांची अट नाही. ओएएस हे कॅनडाचं वृद्धापकाळ पेन्शन कॅनडाबाहेर घ्यायला वयाच्या १८ व्या वर्षानंतरची वास्तव्याची २० वर्षं लागतात; या करारापुरती तुमची बेरीज १७ होते, म्हणजे कमी पडते. अमेरिकेत राहताना सीपीपीवर टॅक्स फक्त अमेरिकेत, सोशल सिक्युरिटीच्याच नियमाने. भारतात ईपीएफ भरलेली वर्षं असतील तर १ ऑगस्ट २०१५ पासूनचा भारत-कॅनडा करार वेगळा तपासून घ्या. अमेरिकेशी भारताचा असा करार नाही.