विस्कॉन्सिनमधील लांडगे आणि हरणांची शिकार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात दिवसभर मचाणावर बसूनही हरीण दिसत नाही, याला लांडगे कारणीभूत आहेत का, आणि लांडग्यांची शिकार पुन्हा सुरू झाली तर हरणे वाढतील का, असे आपण विचारले आहे. त्या जंगलांत मी बरीच वर्षे शिकारीला जात आहे. लांडगा हे एक कारण आहे, परंतु मुख्य कारण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यात साधारण १,००० लांडगे आहेत आणि एक लांडगा वर्षाला सुमारे २० हरणे खातो असे धरले, तर हा आकडा २०,००० च्या घरात जातो. शिकारी मात्र वर्षाला ३ लाखांच्या आसपास हरणे मारतात. अर्थात या हिशेबाच्या आधारे आपली तक्रार उडवून लावणे अन्यायाचे होईल, कारण लांडगे जवळजवळ सगळे उत्तर आणि मध्य भागातील जंगलांत आहेत, तर हरणांची दाटी दक्षिणेकडील शेतीच्या पट्ट्यात आहे. शिवाय जेथे टोळीचा वावर असतो तेथे हरणे आपल्या वाटा बदलतात. लांडगे आलेल्या काउंट्यांत (म्हणजे तेथील जिल्ह्यांत) हरणे वाहनांना धडकण्याचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले, आणि त्यामागे हरणांची बदललेली वागणूक हेच मोठे कारण असल्याचा अभ्यासकांचा निष्कर्ष होता.

तरीही उत्तरेत हरणांची संख्या ठरवतो तो हिवाळा. २०१३-१४ चा हिवाळा इतका कडक गेला की पुढच्या हंगामात तेथील अनेक काउंट्यांत मादी मारण्याचे परवाने दिलेच गेले नाहीत. अशा हिवाळ्याच्या अखेरीस लांडग्यांनी मारलेले हरीण आढळले, तर त्याच्या मांडीची नळी फोडून पाहावी. धडधाकट जनावराची मज्जा पांढरी आणि घट्ट असते, उपासमार झालेल्याची लालसर आणि लिबलिबीत. अशी मज्जा असलेले जनावर लांडग्याच्या तोंडी गेले नसते, तरी बर्फ वितळेपर्यंत तगले असते असे मला वाटत नाही. त्यात जंगल जुने होत गेले की हरणांच्या तोंडाला येईल असा कोवळा पाला कमी होतो, आणि याची चर्चा आपल्या शिकाऱ्यांत फारच कमी होते.

लांडग्यांचे व्यवस्थापन नकोच, असे मी म्हणत नाही. गुरांवर वारंवार हल्ला करणाऱ्या टोळीचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये जे घडले त्याला व्यवस्थापन म्हणता येणार नाही: राज्याच्या परवानाधारकांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा होती (ओजिब्वे या तेथील मूलनिवासी जमातींच्या वाट्याचे ८१ वेगळे होते आणि त्यांनी ते मारले नाहीत), पण तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले, तेही ऐन विणीच्या हंगामात आणि बहुतांश शिकारी कुत्र्यांच्या मदतीने. पुढच्याच वर्षी न्यायालयाने लांडग्यांना पुन्हा केंद्रीय संरक्षण दिले, आणि गुरे गमावणाऱ्या शेतकऱ्याच्या हातचा लांडगा मारण्याचा कायदेशीर उपायही त्याबरोबर गेला.

आपण मचाणाची जागा बदलून पाहावी. काही वर्षांपूर्वी तोड झालेला आणि आता ॲस्पेन झाडांचे दाट कोंब फुटलेला तुकडा शोधावा, त्याच्या कडेने ऑक्टोबरमध्येच ताजे माग आणि लेंड्या पाहाव्यात, आणि मगच नोव्हेंबरची जागा ठरवावी.