विसावा खांद्याचा असतो

प्रश्न असा आला आहे : "आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तीन दिवसांच्या प्रार्थना-शिबिराची पत्रिका छापायची आहे. विषय 'देवाच्या सानिध्यात विसावा'. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, विसावा हा प्रेतयात्रेतला शब्द, अशुभ वाटतो, विश्रांती लिहा. बरोबर काय?"

आधी 'सानिध्य' दुरुस्त करा. सन्निधीपासून सान्निध्य, त्यात दोन न. कमानींवर, आमंत्रणांवर, अगदी देवळा-चर्चच्या फलकांवरही हा एक न सर्रास गिळलेला दिसतो आणि दर वेळी तितकाच खुपतो.

आता विसावा. विश्राम, आराम, दम खाणे हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. शब्द आला कुठून ते बघा. संस्कृत विश्राम, प्राकृतात वीसाम, मराठीत विसावा. दोन स्वरांमध्ये सापडलेला म मराठीत व होतो : नाम-नाव, ग्राम-गाव, श्यामल-सावळा, कोमल-कोवळा, आमलक-आवळा. श्र चा स होतो, जसं अश्रू-आसू. म्हणजे विसाव्याच्या पोटात 'श्रम' बसलेला आहे, फक्त झिजून ओळखू येईनासा झालाय. ज्याने श्रम केले नाहीत त्याला रिकामपण मिळेल, झोप मिळेल, विसावा मिळणार नाही. आता बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य (11:28) वाचा : "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." कष्टी माणसाला देऊ केलेल्या शब्दातच कष्ट आहेत. मराठी भाषांतरातली इतकी घट्ट ओळ मला दुसरी सापडलेली नाही.

विसावा 'विश्वास' या शब्दापासून आला, असं प्रवचनांतून ऐकवतात. ऐकायला गोड, पण साफ चूक. विश्वासातला शेवटचा स मग गेला कुठे, आणि मधला व उठून शेवटी कसा जाऊन बसला? देवावर विश्वास ठेवल्याने विसावा मिळतो हे खरंच आहे, पण ते सांगायला शब्दाची मोडतोड कशाला?

वडीलधाऱ्यांनी प्रेतयात्रेचा विषय काढला ते बरंच केलं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. लहानपणी गावच्या एका अंत्ययात्रेत पाहिलेलं सांगतो. ओढ्याच्या अलीकडे, वाट फुटते तिथे एक सपाट दगड होता. तिरडी तिथे टेकवली. खांदेकऱ्यांनी खांदे चोळले, पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले, दोघेजण नवे लागले आणि पुन्हा उचलली. त्या जागेचं नावच विसावा. टेकवताना एकजण मोठ्याने म्हणाला, "सगळे एकदम वाका." एकट्याने वाकून चालत नाही, तिरडी कलंडते.

माझं म्हणणं असं, आणि त्यावर मी ठाम आहे : विश्रांती शरीराची असते, विसावा खांद्याचा असतो. डॉक्टर विश्रांती सांगतात आणि माणूस दार लावून एकटा पडतो. विसावा वाटेवर, चारचौघांत, ओझं खाली ठेवून घेतला जातो, आणि त्यानंतर पुन्हा उचलणं असतं. वारीचं वेळापत्रक पाहा, विसावा वेगळा छापतात, मुक्काम वेगळा. आणि त्या मत्तयातच पुढची ओळ कशाची आहे? जू घेण्याची! "माझे जू आपणांवर घ्या", म्हणजे जिवाला विसावा मिळेल. जूही मानेखांद्यावरचं. जिवाच्या विसाव्याची ही भाषा मुळात बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याची (6:16) : वाटांवर उभे राहा, जुन्या वाटा विचारा, चांगल्या वाटेने चाला, मग जिवाला विसावा मिळेल. तिथेही तो चालणाऱ्यालाच मिळतो. मराठी भाषांतरकारांनी विश्रांती टाळून विसावा घेतला तो कानाला बरा लागला म्हणून नव्हे, भार आणि जू यांच्या मधोमध दुसरा शब्द बसतच नाही म्हणून, असंच मी मानतो.

पण याच भाषांतराशी माझं एक भांडण आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये वेगळे शब्द आहेत. मत्तयात 'अनापाउसिस', म्हणजे थांबून पुन्हा ताजंतवानं होणं. इब्रींत 'कातापाउसिस', पुरतं थांबणं. आणि 4:9 मध्ये 'साब्बातिस्मोस', शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रामाचा दिवस, पाळणं, जो शब्द अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो. मराठीत तिन्हींना विसावा! शेवटचं, न संपणारं थांबणं म्हणजे विसावा नव्हे, तिथे विश्राम हवा होता. या सरमिसळीतूनच 'चिरविसावा' जन्मला असावा, जो हल्ली निधनाच्या निवेदनांत दिसतो. जो चिर आहे तो विसावा कसा? चिरविश्रांती म्हणा, प्रभूमध्ये निद्रिस्त झाले म्हणा.

आणि तुमचा 'मंडळी' हा शब्द! वसईकडचे कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणतात, नगरकडचे प्रॉटेस्टंट मंडळी. मंडळी म्हणजे घरचीच माणसं, "आमची मंडळी गावाला गेली आहेत" यातली. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (6:2) "एकमेकांची ओझी वाहा" हे अशाच माणसांना सांगितलंय. कुणाचं आजारपण असतं, कुणाचं कर्ज, कुणाचा घर सोडून गेलेला मुलगा. रविवारी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं जातं, शेजारचा पाठीवर हात ठेवतो, आणि ते ओझं तेवढा वेळ देवापुढे सगळ्यांच्या मध्ये टेकलेलं असतं. सन्निधी म्हणजेही मुळात 'जवळ ठेवणं'. सोमवारी ते पुन्हा उचलायचं आहे, पण खांदा बदलून.

त्यामुळे विसावाच छापा. वडीलधाऱ्यांना ओढ्याजवळच्या त्या दगडाचं सांगा. आणि शिबिर तीन दिवसांचं आहे, तेव्हा पत्रिकेत राहण्याची जागा 'मुक्काम' या शब्दाखाली वेगळी द्या.