पहिली रहस्यकादंबरी सुचते कुठून, आणि ती प्रकाशित झाल्यावर लेखकाचे आयुष्य कितपत बदलते?

पहिलीच रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला गुन्ह्याची कल्पना सुचते कुठून आणि पुस्तक वाचकांच्या हाती गेल्यावर त्याचे आयुष्य खरोखर बदलते का, असे आपण विचारले आहे. माझी पहिली कादंबरी अलीकडेच प्रकाशित झाली असल्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी अजून ताजी आहेत.

रहस्यकादंबरीची सुरुवात खुनापासून होते असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण पुस्तकात तो पहिल्या काही पानांतच घडून गेलेला असतो. माझी सुरुवात मात्र एका न पटणाऱ्या तपशिलापासून झाली. मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे. एका संस्थेची कागदपत्रे तपासत असताना हजेरीपटाचे एक पान माझ्यासमोर आले. रोज सही करणाऱ्या माणसाची सही रोज थोडी वेगळी उमटते. कधी तो घाईत असतो, कधी पेन दुसऱ्याचे असते, कधी अक्षरे चौकटीबाहेर जातात. त्या पानावर मात्र प्रत्येक कर्मचाऱ्याच्या महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच दाबाने उमटल्या होत्या आणि त्या एका बैठकीत केल्या आहेत हे उघड दिसत होते. विचारणा केल्यावर कारण अगदी साधे निघाले: मूळ पान पाणी सांडून खराब झाले होते आणि सर्वांनी ते नव्याने भरून दिले होते. मी तशी नोंद केली आणि कामापुरता तो विषय मिटला.

मनातून मात्र तो गेला नाही. एखाद्याला केवळ एका दिवसाची नोंद बदलायची असेल, तर तेवढ्याच चौकटीत खाडाखोड करणे धोक्याचे ठरेल; त्याला संपूर्ण पान नव्याने लिहून घ्यावे लागेल आणि त्यासाठी सर्वांना पटेल असे निमित्त घडवून आणावे लागेल. मग तो दिवस कोणता होता? त्या दिवशी हा माणूस कुठे होता? आणि पुन्हा सही करायला कोणी नकार दिला असेल, तर त्याचे पुढे काय झाले? या शेवटच्या प्रश्नाने मला कादंबरीतील मृत व्यक्ती दिली. (हे सांगितल्याने रहस्य फुटत नाही; एवढे सगळे पहिल्या प्रकरणातच येते.)

स्वतःच्या कामातून आलेली माहिती ही पहिल्या रहस्यकादंबरीसाठी सर्वांत भरवशाची शिदोरी असते, असे माझे ठाम मत आहे. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले होते. १९१६ मध्ये त्यांनी आपली पहिली रहस्यकादंबरी लिहिली, तेव्हा त्यातील विषप्रयोग त्यांनी औषधे तयार करण्याच्या त्या प्रत्यक्ष ज्ञानावर उभा केला, आणि तो इतका अचूक होता की औषधनिर्मिती व्यवसायाच्या नियतकालिकाने त्याची प्रशंसा केली. अनेक प्रकाशकांनी ते हस्तलिखित नाकारले. ज्यांनी स्वीकारले त्यांनी न्यायालयात घडणारा उलगडा बदलून लिहायला सांगितला, आणि पुस्तक निघेपर्यंत १९२० साल उजाडले. पहिल्या हस्तलिखिताच्या नकाराने खचलेल्या प्रत्येकाला मी हा तपशील आवर्जून सांगते. विष, बंदुका आणि पोलीस तपास यांची ऐकीव माहिती गोळा करण्याआधी, आपल्या रोजच्या कामात कोणती गोष्ट कशी लपवता येते आणि ती कोणाच्या लक्षात येईल, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

कल्पना सुचणे आणि कादंबरी होणे यांत मोठे अंतर आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकांनी १९६६ मधील एका निबंधात म्हटले आहे की रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली असते आणि वाचकाला दिसते ती दुसरी. माझे काम मार्गी लागले ते ही विभागणी मनावर घेतल्यावर. गुन्ह्याची कथा मी गुन्हेगाराच्या बाजूने, दिवस आणि वेळेनुसार, स्वतंत्रपणे लिहून काढली. त्यातले एकही वाक्य छापील पुस्तकात नाही, पण प्रत्येक पात्र एखादा प्रश्न का टाळते आहे हे मला त्यामुळेच ठाऊक होते.

लिहिताना पडलेला आणखी एक प्रश्न वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा होता. रोनाल्ड नॉक्स हे धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत असत. त्यांनी १९२९ मध्ये या लेखनप्रकाराचे दहा नियम मांडले, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही त्याच क्षणी दाखवला पाहिजे, असा त्यांतील एक नियम आहे. बाकीचे काही नियम आज कालबाह्य झाले आहेत. हा मात्र मी पूर्णपणे मानते. धागा दाखवायचा आणि तरीही तो नजरेत भरू द्यायचा नाही, यातच या लेखनाचे खरे कसब आहे. माझ्या पुस्तकात दोन भावांमध्ये वडिलांच्या आजारपणावरून कडाक्याचे भांडण होते. त्या भांडणात एक जण दुसऱ्याकडून लिहायला पेन मागून घेतो आणि बोलता बोलता ते स्वतःच्या खिशात ठेवतो. वाचक भांडणात गुंतलेला असल्यामुळे पेनाकडे त्याचे लक्ष जात नाही, पण ते त्याच्यापासून लपवलेलेही नाही.

आता प्रकाशनानंतरच्या आयुष्याविषयी. सुरुवातीला काहीच घडत नाही. पुस्तक दुकानांत असते, ओळखीच्यांची अभिनंदने येऊन जातात आणि नंतर बराच काळ शांतता पसरते, कारण अनोळखी माणसाला पुस्तक मिळायला, वाचायला आणि त्यावर काही कळवावेसे वाटायला वेळ लागतो. या काळात पुस्तक पडले असा निष्कर्ष काढू नये.

आर्थिक बाबतीत सांगायचे तर मी नोकरी सोडलेली नाही आणि इतक्यात सोडण्याचा विचारही नाही. रॉयल्टीचा हिशेब ठरावीक मुदतीनंतर होतो आणि पहिल्या पुस्तकावर घर चालवण्याची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. करार मात्र शब्दन् शब्द वाचावा. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८६ मध्ये सर्व हक्कांसह अवघ्या २५ पौंडांना देऊन टाकली. पुढे ते पात्र जगभर गाजले, तरी त्या पुस्तकाबद्दल त्यांना आणखी काही मिळाले नाही. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क कोणाकडे व किती काळ राहणार, हे सही करण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे.

खरा बदल झाला तो वाचकांमुळे. इतर कादंबरीकार आपल्या पुस्तकाच्या शेवटाविषयी मोकळेपणाने बोलू शकतात. रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला ज्या गोष्टीसाठी सर्वाधिक कष्ट घेतले तिच्याविषयीच जाहीरपणे मौन पाळावे लागते. मुलाखतीत मी पहिल्या तीन प्रकरणांपलीकडे जात नाही. ज्या पात्राबद्दल मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते त्याचे नावही घेता येत नाही, कारण त्याच्याविषयी मी आस्थेने बोलले तरी चाणाक्ष श्रोता सावध होईल. त्यामुळे ज्यांनी पुस्तक पूर्ण वाचले आहे त्यांच्याशी होणारे बोलणे मला फार मोलाचे वाटते. एका निवृत्त शिक्षिकेने आपली प्रत मला पाहायला पाठवली. तिच्यात त्यांनी प्रत्येक धाग्याखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात पान क्रमांक लिहिला होता आणि भांडणाच्या त्या प्रसंगात पेनाजवळ एवढेच लिहिले होते: ‘इथे मी पुढे गेले, परत आले.’ कोणत्याही परीक्षणापेक्षा मला त्या सहा शब्दांनी अधिक समाधान दिले.

‘गुन्हेगार मी आधीच ओळखला होता,’ असे सांगणारे वाचकही भेटतात. त्यांचे ऐकून वाईट वाटते का, असे पुष्कळ जण विचारतात. अजिबात वाटत नाही. दिलेल्या धाग्यांवरून एखाद्याने उत्तर काढले, याचा अर्थ धागे खरे होते. शेवट वाचून कोणी ‘हे आम्हाला कधी सांगितलेच नव्हते’ असे म्हणाले असते, तर ते मात्र मला लागले असते.

लेखनाची परिस्थितीही बदलली आहे. पहिले पुस्तक लिहिताना त्याची कोणी वाट पाहत नव्हते आणि हवे तितके दिवस एका प्रकरणावर घालवता येत होते. आता दुसऱ्या पुस्तकाची विचारणा होते, आणि नायिका तीच असावी अशी अपेक्षा असते. मालिकेचे आकर्षण मला समजते. वाचक रहस्याइतकाच ओळखीच्या माणसाकडे परत येत असतो. परंतु माझ्या नायिकेने पहिल्या तपासात आपल्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यावरचा विश्वास गमावला आहे. पुढच्याच पुस्तकात ती नव्या उत्साहाने नवी फाईल उघडते असे दाखवायचे, तर तिच्या त्या दुःखाला काही किंमत उरणार नाही. म्हणून दुसऱ्या कादंबरीतील तपास मी एका दस्तलेखकाकडे सोपवला आहे आणि त्या कादंबरीतील गुन्ह्याची कथा, दिवस व वेळेनुसार, सध्या लिहून काढते आहे.